विसण न घातलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही, प्रार्थनेतही नाही — प्रार्थनेत तर मुळीच नाही. प्रार्थना करताना माणूस किती शिताफीने बोलतो, कधी लक्ष दिलंय तुम्ही? कळत-नकळत घडलेल्या चुकांची क्षमा मागायची आणि पुढच्या विनंतीकडे सरकायचं. माझी चूक त्या 'कळत-नकळत'च्या आडोशाला कितीतरी वर्षं सुखाने राहिली. नकळत त्यात काहीच नव्हतं. सगळं कळत होतं.

तुम्हालाच का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जे ओळखतात ते मला चांगली बाई म्हणतात, आणि त्यांच्यापुढे तोंड उघडायला गेलं की त्यांचं ते 'चांगली बाई' आधीच पुढ्यात येऊन बसतं. मग मी चहा ठेवते. विषय बदलतो.

मी रविवारच्या शाळेत शिकवते. हिंगोलीत, औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आमचं देऊळ आहे — आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. पत्र्याचं छप्पर, पुढे कडुनिंब, मागे हापसा. मंडळी, म्हणजे देवळाचा समाज, लहान; मोजकी घरं. लहान लेकरांना गाणी शिकवायला कुणीही तयार असतं, पण मोठ्यांचा वर्ग — ज्यांना मिसरूड फुटू लागलंय, ज्या पोरी ओढणी सावरायला लागल्यात — तो कुणालाच नको असतो. तो मी घेतला. तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकती लागले होते, लग्न व्हायचं होतं, आणि आपल्याला शिकवता येतं याचा मला भारी तोरा होता.

आणि येत होतं हो शिकवता. ते खोटं नाही. सेवा आणि कृतज्ञता हे दोन धडे माझ्याइतके कुणी रंगवत नसे. मी पोरांना विचारायची — तुमच्या घरात सगळ्यांच्या आधी उठून पाणी कोण भरतं? आई. मग तिचे आभार कधी मानले? सगळी पोरं हसायची. आपल्याकडे आईचे आभार कोण मानतं? मी म्हणायची, या आठवड्यात मानून बघा. एका पोराने मानले, तर त्याच्या आईने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. पुढच्या रविवारी त्याने हे सांगितलं तेव्हा वर्ग हसून लोळला, आणि मग हळूहळू गप्प झाला. त्या गप्प होण्यावर मी खूश असायची. वाटायचं, काहीतरी आत गेलं.

सेवेचा धडा म्हणजे प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो. तुम्हाला माहीत असेल. गुरू उठतो, कमरेला पंचा बांधतो आणि शिष्यांच्या धुळीच्या पायांपाशी बसतो. मी सांगायची — सेवा लांबून होत नाही. सेवा करायची तर हात ओले करावे लागतात. हे वाक्य माझं स्वतःचं होतं. पाळकसाहेबांनी ते एकदा उपदेशात घेतलं, तर मी घरी येऊन आईला दोनदा सांगितलं.

हात ओले करावे लागतात. — थांबा. एवढ्यात पोचता येत नाही मला तिथे.

आधी एस्तेरआजींबद्दल सांगते. देवळाच्या मागे एक खोली होती, तिच्यात त्या राहायच्या. तरुणपणी त्यांना महारोग झाला. घरच्यांनी टाकलं. मग मिशनच्या दवाखान्यात बरीच वर्षं गेली, औषधं झाली, रोग पूर्ण बरा झाला — पण जे गेलं ते गेलंच. हातांची बोटं आत वळलेली, पायांची झडलेली, डोळ्यांना धुरकट दिसायचं. आणि हाता-पायांना काहीच कळायचं नाही. काटा रुतला तर चालताना रक्त दिसल्यावर कुणीतरी सांगायचं, तेव्हा त्यांना कळायचं. रविवारी घंटा त्याच वाजवायच्या, दोरी मनगटाला गुंडाळून. स्वभाव थट्टेखोर. पोरांना म्हणायच्या, माझे पाय लई इमानदार, कधी दुखलो म्हणून तक्रार केली न्हाई.

त्या पायांना भेगा पडायच्या, जखमा व्हायच्या. कुष्ठरोगाचं काम बघणारे एक कर्मचारी सायकलवर यायचे, त्यांनी मला शिकवलं होतं — रोज पाय पाण्यात भिजत ठेवायचे, मग घासून तेल लावायचं, भेग मऊ राहते, जखम भरते. मला वाटलं, यापेक्षा चांगला धडा कुठे मिळणार? मी मोठ्यांच्या वर्गाला हे काम लावून दिलं. दर शनिवारी आजींच्या खोलीवर जायचं, पाणी तापवायचं, पाय भिजवायचे, धुवायचे, तेल लावायचं. त्या कर्मचाऱ्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. आजींना गरम कळत नाही, तेव्हा त्यांनी पाय घालण्याआधी दुसऱ्या कुणीतरी पाण्यात कोपर बुडवून बघायचं. आणि ते मोठ्या माणसाने बघायचं — म्हणजे मी.

मी कधीच बघितलं नाही.

शनिवारी पोरं पाणी तापवायची, मी दारात उभी राहून सूचना द्यायची. आजींच्या खोलीत आजींचं एक घमेलं होतं. त्यात त्या जखमा धुवायच्या, फडकी धुवायच्या. त्या घमेल्यात हात घालायचा विचार आला की मी हात पदराआड घ्यायची. किळस. दुसरा शब्द नाही. बरा झालेला रोग लागत नाही हे मला माहीत होतं. मीच पोरांना समजावलं होतं, त्यांच्या आयांना समजावलं होतं. डोक्याला पटलं होतं, हाताला पटत नव्हतं. आणि हे कुणाला दिसू नये म्हणून मी काय करायची? म्हणायची — तुम्हीच शिका, जबाबदारी घ्यायला शिका. बघा, भित्रेपणालाही किती छान अंगरखा शिवता येतो.

जबाबदारी घेतली ती लीलाने.

लीला ख्रिस्ती नव्हती. देवळाच्या मागच्या माळाला मेंढ्या-शेळ्या राखणारी दोन-तीन घरं होती, त्यातल्या एका घरची. गाण्यांच्या आवाजाने यायची, खिडकीपाशी उभी राहायची. एकदा मी आत बोलावलं, मग बसू लागली. तिच्या बापाला मी जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "चार चांगल्या गोष्टी आयकंल, बसू द्या." कोवळं वय, पण घरात कोकरं सांभाळलेली, त्यामुळे हाताला कशाची शिसारी नव्हती. ती आजींच्या पायांपाशी बसायची, कोपर बुडवायची, गार पाण्याचं विसण घालायची, परत कोपर बुडवायची, मग म्हणायची, "घाला आजी." इतर पोरं आळीपाळीने यायची. ती दर शनिवारी यायची. आजी तिला 'माझी मेंढपाळीण' म्हणायच्या.

आता त्या रविवारावर येते. यायलाच हवं.

आमच्याकडे थंडीत, ज्वारी-तूर हाताशी आली की हंगामाचा सण असतो. लोक शेतातलं पहिलं पीक देवाचे आभार म्हणून देवळात आणतात — ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, कापूस, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी पाय बांधून. उपासना झाली की त्या वस्तूंचा लिलाव होतो, हसत-खेळत बोली लागते. जिल्हा अजून वेगळा व्हायचा होता, परभणीच आमचा जिल्हा होता, आणि त्या वर्षी तिकडून मोठे पाहुणे पाळक येणार होते. मी ठरवलं, माझा वर्ग या दिवशी सगळ्या मंडळीसमोर एस्तेरआजींचे पाय धुईल. शेतातल्या पिकाबरोबर हेही अर्पण. पाळकसाहेबांना कल्पना एकदम आवडली.

आजींना विचारलं का मी? विचारलं. त्यांनी लुगडं पायांवर आणखी ओढून घेतलं. आयुष्यभर पाय लुगड्याखाली झाकून बसलेली बाई ती. मग म्हणाल्या, "लेकरायचं शिकणं व्हत असंल तर धुवा." लेकरांचं शिकणं. की माझं मिरवणं? मला तेव्हाही फरक कळत होता.

त्या दिवशी मी नवी पांढरी साडी नेसले होते. देऊळ भरलं होतं. आजी वेदीपुढे खुर्चीवर बसल्या, पुढे ते घमेलं. माझा वर्ग दोन्ही बाजूंना रांगेत उभा होता. लीलाने मागे तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवलं होतं. ती भगुनं घेऊन बाजूच्या दाराने आली, घमेल्यात पाणी ओतलं. भसकन वाफ आली. पण थंडीच्या सकाळी कोमट पाण्यातूनही वाफ येते, कुणाला काही वाटलं नाही. विसणासाठी भरून ठेवलेली बादली सजावट करणाऱ्या बायकांनी फुलांवर संपवली होती. लीला माझ्या अगदी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, पानी लई कढत हाय. इसन घालाया गार पानी न्हाई. हापशावरून आनते, तवर आजीला पाय घालू देऊ नका."

मी मान हलवली. मी मान हलवली हे लक्षात ठेवा. ती तांब्या घेऊन पळत गेली.

तेवढ्यात पाळकसाहेबांनी खूण केली. गाणं सुरू झालं. पाहुणे खुर्चीत पुढे सरकून बघू लागले. हापशावर रविवारी गर्दी असते, लीलाला वेळ लागत होता. सगळ्यांचे डोळे त्या घमेल्यावर, माझ्यावर. कुणीतरी मागून म्हणालं, चालू द्या की आता. आजींनी पायांवरचं लुगडं जरा वर घेतलं — सगळ्यांसमोर — आणि माझ्याकडे तोंड करून विचारलं, "बाई, पानी बघितलं का? घालू?"

काय करायला हवं होतं मी? कोपर बुडवायचं. बस्स. एक कोपर, एक क्षण. किंवा म्हणायचं — थांबा आजी, लीला येतेय. एवढंही नको, नुसतं गप्प राहायचं. पण मी त्या घमेल्याकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या बाहीकडे बघितलं. आणि मनात आलं — तिला काय कळणार आहे? पोरगी उगाच जास्त काळजी करते. एवढं काही गरम नसेल.

मी वाकून, गाण्याच्या आवाजात फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाले, "बघितलंय. घाला."

त्यांनी दोन्ही पाय घातले.

गाणं संपेपर्यंत पाय भिजू द्यायचे, मग पोरांनी धुवायचे असं ठरलं होतं, आणि गाण्याची कडवी बरीच होती. आजी गात होत्या. मला वाटतं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा इतके लोक त्यांच्या पायांकडे बघत होते आणि कुणी तोंड फिरवत नव्हतं. चेहरा असा झाला होता — मी तो चेहरा विसरायचा प्रयत्न केलेला नाही, कारण विसरता येणार नाही हे माहीत आहे. त्यांच्या पायांचं मांस भाजत होतं आणि त्या सुखाने गात होत्या.

लीला आली तेव्हा गाणं चालूच होतं. लोकांमधून वाट काढत पुढे आली, पाय पाण्यात बघितले आणि जागीच थबकली. मग खाली बसून तिने पाण्यात हात घातला. झटक्यात बाहेर काढला. ओरडली नाही. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता, तिला समजतच नव्हतं. मग तिने तांब्यातलं सगळं गार पाणी घमेल्यात ओतलं आणि आजींचे पाय दोन्ही हातांनी वर उचलले. पुसायला ठेवलेल्या पांढऱ्या पंच्यावर ते टेकवले, तर पंच्याला कातडं चिकटून आलं.

धावपळ झाली. कुणीतरी जीप आणली, आजींना सरकारी दवाखान्यात नेलं. त्या एकच विचारत होत्या, काय झालं, लेकरांना काही लागलं का? पाळकसाहेब परत आले तेव्हा कडुनिंबाखाली आम्ही सगळे उभे होतो. त्यांनी विचारलं, पाणी कुणी बघितलं होतं?

मी म्हणाले, "पाणी लीलानं आणलं होतं."

बघा, यात खोटं काही नाही. एक अक्षर खोटं नाही. किती जपून वाक्य केलं होतं मी! पण एक शब्द पुढे गेला की मागून दुसरा येतोच. बायका म्हणाल्या, बाहेरची पोरगी, तिला काय कळतंय सेवा. पाहुण्यांनी विचारलं, तिला सांगितलं नव्हतं का? आणि मग मी बोलले — स्पष्ट, शांत, शिकवायच्या आवाजात — "सांगितलं होतं. बघून घाल म्हणून बजावलं होतं."

लीला तिथेच होती. माझ्यापासून हातभर अंतरावर. तिने तोंड उघडलं, मग मिटलं. मी तिला शिकवलं होतं ना, मोठ्यांना उलट बोलू नये. तिला एवढंही वाटलं नसेल की बाई खोटं बोलतेय. तिला वाटलं असेल, आपल्यालाच काहीतरी उलटं आठवतंय.

आणि त्या दिवशी लिलाव झाला. हो, झाला. पाहुणे आले होते, वस्तू आणल्या होत्या, वाया कशा घालवायच्या? भोपळ्याला बोली लागली, कोंबडीला लागली. मीही एक भोपळा घेतला. घरी येऊन तो चिरलाही. या हातांनीच.

लीलाच्या बापाने तिला परत येऊ दिलं नाही. तो येऊन पाळकसाहेबांच्या पाया पडून गेला, पोरीकडनं चुकी झाली म्हणाला. मी आत होते. बाहेर आले नाही.

आजींचा उजवा पाय पुढे नांदेडला नेऊन घोट्याच्या वर कापावा लागला. डावा राहिला पण भरला नाही. त्या खोलीत परत आल्या, घंटा दुसरं कुणी वाजवू लागलं. मी भेटायला जायची — रिकाम्या हाताने कशी जाणार, फळं घेऊन जायची. तुम्ही विचाराल, आजींना तर माहीत होतं. त्यांनीच विचारलं होतं, मीच उत्तर दिलं होतं. हो. माहीत होतं. मी ते धरूनच जायची, की आज बोलतील, आज सांगतील. पहिल्यांदा मला वाटलं, त्या गोंधळात विसरल्या असतील. तेवढीच माझी आशा होती. म्हातारी विसरावी ही आशा.

एके दुपारी खोलीत कुणी नव्हतं. मी पेरू चिरून देत होते. आजी म्हणाल्या, "बाई, तुमचं नाव मी घेतलं न्हाई. घेनार बी न्हाई. तुमाला वर्ग घ्यायचा असतो." माझ्या हातातली सुरी थांबली. त्या पुढे म्हणाल्या, "पर त्या लेकराला एकदा आना. ती ह्ये मनाला लावून घेनार. तिला मला सांगायचंय, तिचं काय बी चुकलं न्हाई."

एवढंच मागितलं त्यांनी. पाय मागितला नाही, माझी कबुली मागितली नाही. मागच्या माळाला राहणारी एक पोरगी आणून द्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "बघते आजी."

आणलं नाही. लीला आली तर आजी बोलणार, आजी बोलल्या की लीलाला कळणार, मग लीलाचा बाप, मग मंडळी. माझं लग्न ठरत होतं तेव्हा. प्रत्येक भेटीत आजी विचारायच्या, आणि शेवटी मी सांगितलं — ती माणसं मेंढरं घेऊन लांब गेलीत, पत्ता नाही. त्या क्षणी खोलीच्या खिडकीतून माळावर मेंढरं चरताना दिसत होती. आजींना एवढं लांबचं दिसत नव्हतं. गळ्यातल्या घंटांचा आवाज मात्र येत असणार. त्या म्हणाल्या, "बरं." आणि पेरूची फोड दोन्ही मनगटांत धरून खाऊ लागल्या.

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्याआधीच्या शेवटच्या उपासनेत साक्ष द्यायची — देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची — वेळ आली, तेव्हा दोघांनी त्यांना उभं केलं. त्यांनी देवाचे आभार मानले — अन्नाबद्दल, औषधाबद्दल, मोठ्या वर्गातल्या पोरांबद्दल. मग म्हणाल्या, आणि बाईंबद्दल, ज्यांनी माझे पाय चारचौघांत धुवायला लावले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. लोकांनी ते कृतज्ञतेचं पाणी समजलं.

इथे संपलं असतं तर कदाचित मी हे कधीच लिहिलं नसतं. माणूस मेलेल्या माणसाशी कसंही जुळवून घेतो. पण लीला जिवंत आहे.

जिल्हा वेगळा झाल्यानंतरची गोष्ट. माझं लग्न झालं होतं, मुलं झाली होती, वर्ग चालूच होता. थंडीचे दिवस, आम्ही शाळेतल्या शिक्षिका मिळून जवळच नरसीला, तिथल्या देवस्थानाला गेलो होतो. बाकीच्या दर्शनाला गेल्या, मी रस्त्याकडेच्या एका टपरीवर चहा घ्यायला थांबले. टपरीमागे एक बाई दगडावर पोरीला अंघोळ घालत होती. पोरगी तीनेक वर्षांची, कुडकुडत होती, ओठ निळे पडलेले. चहा करणारी सासू माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा की बाई. हिवात बी लेकराला गार पान्यानं न्हाऊ घालती. चूल पेटलेली हाय, पानी ठिवू देत न्हाई. बोलून थकले."

त्या बाईने मान वळवली. लीला.

तिने मला लगेच ओळखलं. हात पुसत आली, पदर डोक्यावर घेतला, आणि मला समजायच्या आत वाकून माझ्या पाया पडली. माझ्या पायांना हात लावला तिने. सासूला म्हणाली, ह्या आमच्या बाई, यांनी आमाला लई शिकवलं. चहा दिला. पोरगी तिच्या कडेवर ओल्या केसांनी खोकत होती. मी विचारलं — मला काय गरज होती विचारायची? — गार पाण्याने का गं घालतेस?

"भ्या वाटतं बाई," ती म्हणाली. "कोपर बुडवून बघते, पुन्यांदा बघते, तरी हात थरथरतो. मंग गारच घालते. गार पान्यानं निदान भाजत तर न्हाई."

मग सासू आत गेली, आणि लीला जवळ आली. अगदी तशीच, त्या दिवशी आली होती तशी. हळू आवाजात म्हणाली, "बाई, एक इचारू? त्या दिशी मी तुमाला सांगून गेले व्हते का — पाय घालू देऊ नका म्हून? मला वाटतं सांगितलं व्हतं. पर आमचे मालक म्हन्तेत, सांगितलं असतं तर बाई तवाच बोलल्या असत्या. बाई कशाला खोटं बोलतील."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एका शब्दाची वाट बघत होती. 'हो' म्हणायचं होतं फक्त. आजी गेल्या होत्या, पाळकसाहेब बदलून गेले होते, आसपास कुणी नव्हतं, चहा पिणारी चार परकी माणसं. माझं आता काय जाणार होतं? काहीही नाही. तरुणपणी मी भ्याले, तेव्हा निदान भिण्यासारखं काहीतरी होतं. त्या दिवशी काहीच नव्हतं.

मी म्हणाले, "जुनं झालं गं लीला. ते आता कशाला काढतेस? विसरून जा."

तिने मान हलवली. बराबर हाय म्हणाली. तिला तिचं उत्तर मिळालं होतं. ती परत दगडाकडे गेली, पोरीच्या अंगावर उरलेला तांब्या ओतला. पोरगी रडली. मी चहा संपवला. तळाशी साखर होती, तीही प्यायले.

तेव्हापासून किती हिवाळे गेले. ती पोरगी आता मोठ्यांच्या वर्गात बसायच्या वयाची झाली असेल. मी अजूनही तो वर्ग घेते. पाय धुण्याचा धडा आला की घमेलं मागवते, पाणी मागवते आणि पोरांसमोर बाही वर करून कोपर बुडवून दाखवते. पोरांना वाटतं, बाई किती बारकाईने शिकवतात. पालकही तेच म्हणतात. मी ते ऐकून घेते.

मला क्षमा नको आहे. ती द्यायचा हक्क ज्यांना होता त्यांच्यातल्या एकीला मी मरेपर्यंत तिष्ठत ठेवलं आणि दुसरीला, आपल्याकडे क्षमा करण्यासारखं काही आहे हेच कळू दिलं नाही. नरसीला बसने जायला वेळ लागत नाही. हे लिहितानाही मला माहीत आहे की मी गेलेले नाही. म्हणून निदान इथे, जिथे ती वाचणार नाही अशा जागी, तिला हवा होता तो शब्द लिहून ठेवते.

हो, लीला. तू सांगून गेली होतीस. मी ऐकलं होतं, आणि मान हलवली होती.